कुंकवाखालचं पाखरू

माझ्याकडून काही ऐकायचं तर आधी कुणीतरी माझ्यात श्वास घालावा लागतो. आज मात्र मी आपणहून बोलतोय. मी एक सॅक्सोफोन. पितळेचा, वाकड्या अंगाचा, वयानं तुमच्या आजोबांच्या आगेमागे. नाशिकच्या वेशीपाशी, मखमलाबादच्या शिवारात झेंडू आणि शेवंतीचा एक मळा आहे. त्या मळ्यातल्या घरात, ओसरीवरच्या खुंटीला मी लटकलेला असतो. घरातले मला नुसतं ‘बाजा’ म्हणतात.

आपली गोष्ट सांगणाऱ्यानं जन्मापासून सुरुवात करावी, अशी रीत आहे. माझी तिथेच पंचाईत होते. माझा जन्म मला आठवत नाही. अंधूक असं काही आहे: हलक्या हातोडीचे ठोके, गार हवा, खिडकीबाहेर उंच काळपट झाडं, आणि माझ्या चाव्यांखाली कातड्याच्या गाद्या बसवताना गुणगुणणारी एक बाई. तो मुलूख कोणता, ते हात कोणाचे, हे मला कोणी सांगितलं नाही. माणसाचं मूल निदान विचारतं तरी. वाद्याला विचारता येत नाही.

नीट आठवतं ते देवळालीपासून. तिथल्या लष्करी छावणीत मी एका गोऱ्या साहेबाकडे होतो. साहेब संध्याकाळी व्हरांड्यात बसून मला वाजवायचा, चुकला की स्वतःशीच हसायचा. त्याच्या खाणावळीत टेबलावर ठेवायला रोज फुलं लागत. ती सायकलवरून घेऊन येई मखमलाबादचा फकिरा. फुलं ठेवून झाली तरी तो जायचा नाही. खांबाला टेकून ऐकत राहायचा.

इंग्रज निघाले त्या वर्षी साहेबाचं सामान पेटीत मावेना. त्यानं मला उचललं आणि फकिराच्या फुलांच्या रिकाम्या टोपलीत ठेवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. टोपली मात्र दोघांनाही कळली.

घरी गेल्यावर फकिराच्या बायकोनं माझ्या रुंद तोंडात वाकून पाहिलं आणि विचारलं, “यात दूध किती मावतं?”

फकिरा छावणीतल्या एका बँडवाल्याकडून मला वाजवायला शिकला. पुढे त्यानं शेजारच्या मळ्यांतली हौशी माणसं जमवून बँड काढला. दिवसा फुलं तोडायची, लग्नसराईत वाजवायचं. माझ्या रुंद तोंडावर बाहेरून इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. फकिरानं ती शाळेच्या मास्तरांना दाखवली. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं आणि सांगितलं, एका दुकानाचं नाव आहे आणि खाली लिहिलंय लंडन.

झालं. त्या दिवसापासून मी ‘लंडनचा बाजा’. वणीपासून निफाडपर्यंत लोक सुपारी देताना विचारायचे, “लंडनचा बाजा येणार ना?” मलाही ते खरं वाटू लागलं. चार माणसांनी रोज एकाच नावानं हाक मारली की कोणालाही तसंच होतं.

फकिराचा मुलगा बहिरू. आज घरातले त्यांना तात्या म्हणतात. बापापेक्षा लेक सरस वाजवायचा, हे फकिरा स्वतः सांगत असे. बहिरूच्या हातात मी आलो तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याचा श्वास लांब होता आणि त्यात घाई नव्हती. घाई नसलेली माणसं वाद्याला लगेच ओळखू येतात.

लग्न करून सखुबाई या घरात आल्या आणि माझी दोन कामं त्यांनी आपल्याकडे घेतली. पहिलं, घासणं. लग्नसराईच्या आधी त्या मला अंगणात घेऊन बसत आणि चिंच लावून हंड्या-कळशांसारखं लख्ख करत. त्या घासण्यात तोंडावरची कोरीव अक्षरं वर्षागणिक पुसट होत गेली. शेवटी लंडनचं नाव फक्त लोकांच्या बोलण्यात उरलं.

दुसरं काम खंडेनवमीचं. त्या दिवशी घरातली खुरपी, कात्र्या, फवारणीचा पंप आणि मी, सगळे एका पाटावर बसतो. सखुबाईंनी पहिल्या वर्षी मला फिरवून फिरवून पाहिलं. मला कपाळ कुठे, हे त्यांना समजेना. माझ्या पाठीवर, वाजवणाऱ्याचा उजवा अंगठा टेकतो तिथे अंगठा अडकवायचा एक पितळी आकडा आहे. त्याच्या खाली बोटभर सपाट जागा. “इथं त्यांचा हात टेकतो, हेच कपाळ,” असं म्हणून त्यांनी तिथे तेलात भिजवलेलं कुंकू लावलं. दर खंडेनवमीला त्याच जागी नवा थर. आणि घासताना ती जागा सोडून सगळं घासायचं, कारण देवाचं कुंकू चिंचेनं काढायचं नसतं. तिथे एक टणक, लालकाळा खवला तयार झाला. त्याच्याखाली काय आहे, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

आता पाठवणीच्या चालीबद्दल सांगायला हवं.

मळ्यातून नवरी सासरी निघाली की मी वाजवायचो, ती चाल फकिरानं बसवलेली. खालच्या सुरांवर रेंगाळत सुरू व्हायची, हळूहळू चढायची आणि सगळ्यात वरच्या एका सुरावर जाऊन थांबायची. नवरीची गाडी पाटाच्या पुलावरून पलीकडे जाईपर्यंत तो सूर धरायचा. पूल ओलांडला की सोडायचा. आधी बैलगाड्या होत्या, तेव्हा फकिराला तो सूर तोडून तोडून धरावा लागे. पुढे जीपगाड्या आल्या आणि बहिरूचं काम सोपं झालं. परिसरातल्या किती लेकी त्या सुरावर सासरी गेल्या. त्यातल्या कित्येक म्हाताऱ्या होऊन अजून म्हणतात, पुलावर रडू आलं ते बाज्यामुळे.

मग एका माघात माझी मान हरवली.

मान म्हणजे माझ्या अंगाच्या वर बसते ती वाकडी आखूड नळी. तिच्या पुढच्या टोकाला पत्तीचं काळं तोंड लावतात. मान वेगळी निघते; तिला चिंच लावत नाहीत, नुसत्या पाण्यानं वेगळी धुतात. महाशिवरात्र तोंडावर आली होती. वणीचं लग्न वाजवून बँड उजाडता उजाडता परतला होता, आणि मळ्यात बाजारासाठी फुलांच्या जाळ्या म्हणजे क्रेट भरण्याची घाई चाललेली. तात्यांनी मान धुतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि जवळच्या झेंडूच्या जाळीवर ठेवली. फुलं ताजी राहावीत म्हणून त्यांच्यावरही ओली फडकी टाकतात. तात्यांचा मुलगा शेखर यानं जाळ्या टेम्पोत चढवल्या. त्याच्या दृष्टीनं एक फडकं जास्त, एवढंच.

तात्या गोदाकाठच्या फुलबाजारात गेले. गाळ्यागाळ्यावर विचारलं, “बाज्याची नळी आली का फुलांत? पितळी हाय, वाकडी.” कोणी नाही म्हणालं, कोणी ऐकून घेतलं नाही. यादवशेठ नावाचे एक मोठे व्यापारी होते, त्यांनी तर जाळ्या उपसून दाखवल्या. कोणी खोटं बोललं नाही, हे मी आज खात्रीनं सांगू शकतो.

वैशाखात तात्यांच्या धाकट्या लेकीचं, सृष्टीचं लग्न होतं. निफाडचा द्राक्षबागवाला मुलगा. तात्यांनी शहरातून दुसरी मान आणली. दिसायला तशीच, नवी, चकाकती. खालचे सूर ठीक निघाले. वरचे मात्र चढे लागायला लागले. तात्यांनी ओठ आवळून पाहिले, सैल सोडून पाहिले, सांध्यावर दोरा गुंडाळला, मेण लावलं. मला आतून कळत होतं. दुसऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला की पायरी जागेवर दिसत नाही, तसं माझं झालं होतं. पण सांगणार कसं?

पाठवणीच्या वेळी तात्या उभे राहिले. चाल चढत गेली. सृष्टीची गाडी पुलाकडे वळली आणि तो वरचा सूर फाटला. चढा, किरटा, बेसूर. तात्यांनी पुन्हा लावला, पुन्हा फाटला. डीजेच्या टेम्पोवरची पोरं हसली. पाहुण्यांतलं कुणी चांगल्या मनानंच म्हणालं, “तात्या, आता बसा. नातवंडं खेळवा.” गाडी पुलावरून गेली तेव्हा मी गप्प होतो.

त्या संध्याकाळी तात्या सखुबाईंना म्हणाले, “माझा दम सरला गं. लेकीच्याच टायमाला सरला.” मग त्यांनी मला खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलं आणि पोटमाळ्यावर ठेवून दिलं.

तिथे मी बरीच वर्षं होतो. खाली काय चाललंय ते ऐकू यायचं. बँड मोडला. तात्या कुठल्या लग्नाला गेले की जेवून लगेच परत यायचे, पाठवणीला थांबायचे नाहीत. आपल्या आत काही तुटलंय असं माणसानं एकदा ठरवलं की तो तपासून पाहत नाही, याचं मला नवल वाटतं. माझी चावी अडकली तर तात्या चार वेळा खोलून बघायचे. स्वतःला त्यांनी एकदाही खोललं नाही. सखुबाई मात्र दर खंडेनवमीला शिडी लावून वर चढायच्या, गोणी सोडायच्या, कुंकू लावायच्या आणि पुन्हा गाठ मारायच्या. तात्यांना न सांगता.

मला खाली आणलं आरोहीनं. शेखर आणि हर्षाली यांची ही मुलगी. आत्याच्या लग्नात ती दुसरीत होती. पुढे शिकायला लांब परदेशात गेली आणि शिकून परत आली, इथेच राहायचं म्हणून. आल्या आल्या तिनं घरात बऱ्याच गोष्टी सुधारायला काढल्या. ठिबकच्या नळ्या, कचऱ्याचा खड्डा, आणि मी.

“तात्या, हा परत वाजायला पाहिजे,” ती म्हणाली.

“वाजव की. मी कुठं धरलाय तुला?”

“मी नाही. तुम्ही.”

“माझा दम सरलाय बाई. तू त्या खड्ड्याचं बघ आधी, लय वास सुटलाय.”

आरोहीनं ऐकलं नाही. शहरातल्या एका कारागिराकडून तिनं माझ्या गाद्या बदलून घेतल्या. तो म्हणाला, अंग ठणठणीत आहे, मान मात्र याची नाही. कोणी बनवला हे कळलं तर त्याच बनावटीची मान शोधता येईल. आरोहीचे डोळे चमकले. लंडनचा, हे तर घरात सगळ्यांना पाठ होतं. तिनं लंडनमधल्या जुन्या वाद्यांच्या दुकानांना फोटो पाठवले, एका मानेची निवड केली आणि मागवली. पार्सल आलं तेव्हा घर गोळा झालं. मान माझ्यात शिरलीच नाही.

“साहेब लोकांची मान ताठ असती,” तात्या म्हणाले आणि हार ओवायला निघून गेले. हर्षाली तोंडाला पदर लावून हसली. आरोही दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी, ते फोटो पाहिलेल्या दूर देशातल्या एका जाणकार बाईचा तिला फोन आला. बाई म्हणाली, तोंडावर कोरलेलं नाव विकणाऱ्या दुकानाचं असू शकतं. अशी नावं दुकानदार आपली आपली कोरून घेत. बनवणाऱ्याची खूण पाठीवर असते, अंगठ्याच्या आकड्याखाली. तिथला फोटो पाठव.

आरोहीनं मला उलटं केलं. आकड्याखाली कुंकवाचा खवला.

ती नखानं खरवडणार तोच सखुबाईंचा आवाज आला. “हात लावू नको तिथं.”

“आजी, खाली खूण आहे याची.”

“असू दे. ते कुंकू हाय.”

“नवं लावू ना आपण.”

“नवं लावायला मी नाय म्हणत नाय. जुनं काढायचं नसतं. मी या घरात आले तवापासूनचं हाय ते.”

एरवी आरोही वाद घालते. त्या वेळी तिनं मला मांडीवर घेतलं आणि सावकाश सांगितलं, “आजी, मान दुसऱ्याची असली की वरचे सूर चढे लागतात. वाजवणारा कितीही चांगला असला तरी. आत्याच्या लग्नात तेच झालं असेल. पण मला असेल म्हणून चालणार नाही. मूळची मान मिळाली, तात्यांनी वाजवलं, तरच ते मानतील.”

सखुबाई शेवंती ओवत होत्या. सुई थांबली. “म्हणजे त्यांचा दम गेला नव्हता?”

“मला वाटतं, नव्हता.”

त्या उठल्या, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि मला स्वतःच्या पुढ्यात घेतलं. तेलाचं बोट त्या जागेवर फिरवत राहिल्या, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळावर फिरवतात. थर मऊ झाला. त्यांनी तो कापसानं टिपला आणि प्रत्येक बोळा एका वाटीत जपून ठेवला. वाटी नंतर तुळशीपाशी गेली. मला त्या जागी कित्येक वर्षांनी हवा लागली.

खाली एक गोल होता. गोलात फांदीवर बसलेलं, मान मागे वळवून पाहणारं एक पाखरू. त्याखाली एक क्रमांक, आणि अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत देशाचं नाव: चेकोस्लोव्हाकिया. बाकी अंगावरची अक्षरं घासून गेली, ही एवढीच कुंकवानं राखली.

“लंडन नाय?” सखुबाईंनी विचारलं.

“लंडन नाही, आजी. आणि हा देश आता नकाशात नाही. त्याचे दोन झाले.”

“आपल्या मळ्यासारखंच की. वाटणीत दोन झाले.”

पाखराचा फोटो पाठवल्यावर आठवड्याभरात उत्तर मिळालं. आरोहीनं ते ओसरीवर सगळ्यांना सांगितलं. तात्या पाठ करून हार ओवत होते, पण त्यांची सुई हळू झाली होती. तिकडे थंड डोंगरातलं एक गाव होतं. गावात घरोघर वाद्यांचं काम चाले. एका घरात नुसत्या चाव्या, दुसऱ्यात नळ्या, तिसऱ्यात बायका गाद्या बसवत. एक छोटा कारखाना ते सगळं गोळा करून जुळवी आणि वर पाखराचा शिक्का मारी. मान प्रत्येक अंगाला वेगळी घासून बसवत, म्हणून मानेवरही तेच पाखरू आणि तोच क्रमांक. कारखाना महायुद्धानंतर राहिला नाही. कोणा माणसाचं नाव आता सापडत नाही. आणि एकाची मान दुसऱ्याला चालत नाही, असं त्या बाईनं बजावून सांगितलं होतं.

मी ऐकत होतो. हातोडी, गार हवा, गुणगुणणारी बाई. म्हणजे ते खरं होतं.

आरोही मात्र हिरमुसली. “एवढं शोधून एक माणूसही सापडला नाही. बनवलं एकानं, नाव दुसऱ्याचं.”

हर्षाली पाकळ्या झाडत म्हणाली, “त्यात काय? आपल्या हाराचं तरी काय असतं? फुलं मी तोडते, ओवतात सासूबाई आणि मामंजी, आणि गिऱ्हाईक म्हणतं, यादवशेठचा हार. बघू दे ते पाखरू.”

आरोहीनं फोन पुढे केला. हर्षालीनं पाहिलं. मग फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

“हे तर गोमुखावरचं पाखरू आहे.”

“कुठल्या गोमुखावरचं?”

“यादवशेठच्या गाळ्यातल्या. कोपऱ्यात पिंड नाही का, तिथल्या. मी सोमवारी फूल वाहते ना. मला वाटायचं गरुड असेल.”

तात्यांनी हार खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळे फुलबाजारात गेले. आरोहीनं मलाही पिशवीत घालून नेलं. यादवशेठच्या गाळ्यात कोपऱ्यात एक लहानशी पिंड, वर तांब्याची घागर, आणि घागरीच्या बुडाशी बसवलेली माझी मान. तिच्या तोंडातून पिंडीवर धार पडत होती. मानेला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, वरचे सूर लागण्यासाठी. त्यातून एक केसासारखी धार वेगळी उडत होती.

“ही गंगा,” यादवशेठ त्या धारेकडे हात करून म्हणाले. आता त्यांचे केस पिकले होते. “महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पिंड आणली. गोमुख राहिलंच होतं. आणि झेंडूच्या जाळीत हे निघालं, ओल्या वस्त्रात गुंडाळलेलं. देवानं आपलं आपण पाठवलं. भरभराट झाली तात्या तेव्हापासून.”

“शेठ, मी तवा विचारायला आलो होतो.”

“आला होतात. बाज्याची नळी म्हणालात. मी जाळ्या उपसून दाखवल्या की. नळी नव्हती. हे तर गोमुख.”

आरोहीनं मला पिशवीतून काढलं आणि पाठ दाखवली. मग मानेवरच्या पाण्यात बोट फिरवलं. माझं पाखरू कुंकवाखाली झाकून राहिलं, त्या मानेवरचं, पूर्वी काळपटपणात कधी न दिसलेलं, रोजच्या पाण्यानं लख्ख झालं होतं. तेच पाखरू, तोच क्रमांक. यादवशेठनी दोन्हीकडे दोनदा पाहिलं आणि खुर्चीत बसले.

“म्हणजे मी इतकी वर्षं महादेवाला बँड लावला?”

“त्यानं वाजवला नाय, नशीब,” तात्या म्हणाले.

यादवशेठ हसले, पण लगेच गंभीर झाले. “तात्या, मागताय ते बरोबर आहे. पण श्रावण लागतोय. श्रावणात धार तोडायची म्हणजे...”

आरोही काही बोलणार होती. तात्यांनी तिचा हात दाबला. “श्रावण होऊ द्या शेठ. देवाचं आधी.”

श्रावण सरला. तात्यांनी तांबट गल्लीतून गाईच्या तोंडाचं खरंखुरं गोमुख घडवून आणलं. यादवशेठनी आधी ते बसवलं, धार चालू झाल्याची खात्री केली, मगच माझी मान काढली, पुसली, तिला हळदकुंकू लावलं आणि झेंडूच्या जाळीत ठेवून दिली. “जशी आली तशी जाऊ दे,” म्हणाले.

खंडेनवमीला पाटावर मी पुन्हा अख्खा बसलो. मान माझ्यात शिरली तेव्हा कुठेही दोरा लागला नाही, मेण लागलं नाही. सखुबाई कुंकू घेऊन आल्या आणि त्यांचं बोट नेहमीच्या जागेवर येऊन थांबलं. पाखराकडे पाहून त्यांनी ते थोडं खाली घेतलं आणि पाखराच्या पायाशी नवा ठिपका लावला.

“वाजवा ना तात्या,” आरोही म्हणाली.

तात्यांनी मला मांडीवर घेतलं, चाव्या दाबून पाहिल्या, सोडल्या. “नको.”

ते का नको म्हणाले, मला कळत होतं. गेले काही महिने दोष मानेवर घालता येत होता. आता मान बरोबर होती. आता सूर फाटला असता तर कोणाकडे बोट दाखवायला जागा उरली नसती.

दसऱ्याला सृष्टी निफाडहून आली, नवऱ्यासोबत. सोनं वाटून झालं, जेवणं झाली. आत्याला सगळी हकिकत आरोहीनं सांगितली. निघताना सृष्टीनं वाकून तात्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, “तात्या, माझी पाठवणी राहिलीय तुमच्याकडे.”

“आता गं काय. पोरं कॉलेजात गेली तुझी.”

“गेली तर गेली. मी पुलावर मागं वळून बघितलं होतं. बाजा बंद होता.”

ती गाडीत जाऊन बसली. काच खाली घेतली. गाडी हळूहळू मळ्याच्या वाटेनं निघाली.

तात्यांनी मला खुंटीवरून काढलं, अंगणात आले. पत्ती ओठांत ओली केली. कित्येक वर्षांनी तो श्वास माझ्यात शिरला. आधीपेक्षा बारीक झाला होता, त्याला कापरं होतं, पण घाई अजूनही नव्हती. खालचे सूर निघाले. शेजारच्या वाफ्यात फुलं तोडणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. चाल चढू लागली आणि मध्येच तुटली.

तात्या खाली बसले. छाती वरखाली होत होती. सखुबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

आणि तात्या हसत होते.

“हा दम गेलाय गं,” ते म्हणाले. “वय झालं, जाणारच. पण सूर बघ. सूर कुठं हललाय? सूर नव्हता गेला.”

वाटेवर गाडी थांबली होती. सृष्टीच्या नवऱ्यानं इंजीन बंद केलं होतं. कोणालाच कुठे जायची घाई नव्हती.

तात्या पाणी प्यायले, तोंड पुसलं, उभे राहिले. पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ते मध्ये मध्ये श्वास घेत वाजवत होते, बैलगाडीच्या काळात फकिरा वाजवायचा तसं. चाल चढली. तो वरचा सूर आला. मी तो सोडला नाही, त्यांनीही नाही. इंजीन सुरू झालं, गाडी पुलावर चढली. काचेतून एक हात बाहेर आला आणि पूल सरेपर्यंत बाहेरच राहिला. पलीकडे गाडी वळली, तेव्हाच सूर खाली आला.

माझी हकिकत एवढीच. आता संध्याकाळी आरोही मला वाजवायला शिकते. बेसूर वाजवते, तात्या ओरडतात, “अगं, लंडनच्या बाज्याची काय दशा करतीस,” आणि मग स्वतःच हसतात. त्यांच्यासाठी मी लंडनचाच राहणार. माझी हरकत नाही. मला घडवणाऱ्या हातांची नावं मिळाली नाहीत. पण आपल्याला कोणी घडवलं असं कोणी विचारलं, तर मी त्या गार गावातल्या घरांसोबत फकिराचं नाव घेतो, तात्यांचं घेतो, आणि चिंच लावताना बोटभर जागा सोडणाऱ्या सखुबाईंचंही.

तुमच्याही घरात पोटमाळ्यावर, गोणीत, कोणीतरी मुकं पडलेलं असेल. त्याला खाली आणा. घासा, पुसा, ज्यानं ते वाजवलं होतं त्याच्या हातात एकदा द्या. आणि कोणी वाजवणारा दमला म्हणून खाली बसला, तर त्याला लगेच घरात नेऊ नका. पाणी द्या, आणि गाडी थोडा वेळ थांबवून ठेवा.